एका यंत्रात दोन बिऱ्हाडे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी या संमेलनात एखाद्या उपयुक्त विषयावर मी अर्धा तास बोलावे अशी आज्ञा केली, तेव्हा माझा पहिला विचार टाळाटाळीचाच होता. या व्यासपीठाला विद्वान वक्त्यांची परंपरा आहे. टेलिफोन खात्यात तारा आणि यंत्रे यांच्या सहवासात उभा जन्म घालविलेल्या माणसाने येथे उभे राहून काय सांगावे? परंतु चिटणिसांनी विषयही नेमून दिला, आणि तो असा होता की त्याला नकार देण्याचा अधिकार मला उरला नव्हता. मंडळाच्या कचेरीतील जुन्या संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली एकत्र नांदविण्याचे जे काम २०२५ च्या नोव्हेंबरात झाले, ते का करावे लागले आणि कसे केले, हे सभासद कुटुंबांना समजावून द्यावे, अशी त्यांची इच्छा. यांतील 'का' या प्रश्नाचे उत्तर देताना मला माझ्या एका जुन्या अपराधाची कबुली द्यावी लागणार आहे. ती मी योग्य ठिकाणी देईन.

प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेऊ. संगणक विकत आणला म्हणजे आपण एक पेटी घरी आणतो. तीत गणित करणारा प्रोसेसर असतो, कामापुरती तात्पुरती स्मृती असते आणि कायमचा साठा ठेवणारी डिस्क असते. या साऱ्यांना कामाला लावणारी जी मूळ आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. मी तिला कार्यप्रणाली म्हणेन. कळफलकावर बोट दाबले की अक्षर कोठे उमटावे, फाइल डिस्कच्या कोणत्या कोपऱ्यात ठेवावी, छपाईयंत्राला केव्हा हाक मारावी, हे सर्व ती पाहते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ती विंडोज नावाची असते, आणि यंत्राबरोबरच येत असल्यामुळे पेटी आणि कार्यप्रणाली या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हेच पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. बिल्डरने घराबरोबर भाडेकरूही बसवून द्यावा आणि आपण त्याला घराचाच भाग समजावे, तसा हा प्रकार आहे.

विंडोजची पहिली आवृत्ती १९८५ साली निघाली. त्याच्या दोन वर्षे आधी अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी, कोणासही वापरता, तपासता आणि सुधारता येईल अशी एक मुक्त प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला होता. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एक गाभा लिहिला, आणि स्टॉलमन यांच्या प्रणालीत जी मुख्य उणीव राहिली होती ती भरून निघाली. हीच लिनक्स. तिची डेबियन, उबुंटू, मिंट अशी अनेक रूपे आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेनेही 'बॉस' या नावाने एक भारतीय रूप काढले आहे. इतिहास एवढा पुरे.

आता एकाच पेटीत या दोघी कशा राहतात? डिस्कचे भाग पाडावयाचे. एका भागात एक, दुसऱ्या भागात दुसरी. यंत्र सुरू करताच एक लहान आज्ञावली पडद्यावर यादी दाखविते आणि आज कोणाला जागे करू, असे विचारते. आपण जिचे नाव घेऊ ती जागी होते. दुसरी तितका वेळ निद्रिस्तच राहते. दोन बिऱ्हाडांत स्वयंपाकघर एकच, आणि ते एका वेळी एकाच्याच ताब्यात, असा हा करार आहे. भागास इंग्रजीत पार्टिशन म्हणतात. हा शब्द आपल्या कानांना नवा नाही. आपल्यापैकी कित्येक घराण्यांचे जमीनजुमल्याचे वाद त्याच शब्दाखाली दिवाणी न्यायालयात पडून आहेत. वाटणीचे नियम येथेही तितकेच कडक आहेत, हे पुढे कळेल.

मंडळाच्या कचेरीतील यंत्र २०१३ मधले. त्यावर आरंभी विंडोज ७ होती; पुढे २०१६ च्या उन्हाळ्यात, विंडोज १० फुकट मिळत होती त्या मुदतीत, ती चढविण्यात आली. या विंडोज १० ला सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याचे काम तिच्या निर्मात्यांनी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. म्हणजे त्या वर्षीच्या दिवाळीच्या आठवडाभर आधी. घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव मुदत ठेवण्यात आली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. दुरुस्त्या थांबल्या म्हणून यंत्र बंद पडत नाही. पण कुलपाच्या किल्ल्यांच्या नकला बाजारात फिरू लागाव्यात आणि कुलूप बदलून देणारा कोणी नसावा, तशी त्याची अवस्था होते. विंडोज ११ घ्यावी म्हटले तर ती जुन्या यंत्राला घरात घेत नाही. तिला टी.पी.एम. २.० नावाची सुरक्षाचकती लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा अथवा त्यापुढचा लागतो. आपल्या यंत्रातला तिसऱ्या पिढीचा. तेव्हा कार्यकारिणीने सदरहू यंत्र भंगारात काढून नवे घेण्याचा ठराव मांडला, आणि हिशेबाच्या दृष्टीने तो रास्तच होता.

त्या सभेत मी उठून विरोध केला. कारण त्याच एका यंत्रावर माझ्या चुलत्यांचे आयुष्यभराचे काम उघडत होते.

माझे चुलते, ती. नानाकाका, १९९६ साली शिक्षकी पेशातून निवृत्त झाले. दोन वर्षांनी त्यांनी आपल्या ज्ञातीतील घराण्यांच्या वंशावळी जमविण्याचे काम अंगावर घेतले. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील गावोगाव ते एस.टी.ने हिंडले. देवळांतील जुनी दप्तरे, श्राद्धाच्या वेळी काढल्या जाणाऱ्या नावांच्या चिटोऱ्या, घराच्या पडवीत बसून म्हाताऱ्या बायकांनी सांगितलेली नाती, हे सर्व त्यांच्या वह्यांत उतरले. वंशावळीत मुलींची नावे घालण्याची पद्धत तेव्हा नव्हती. नानांनी ती घातली. सुनांची माहेरची नावेही घातली, आणि त्यासाठी काही घरांत त्यांना दोन-दोनदा जावे लागले, कारण पुरुषमंडळींना ती आठवतच नसत. २००३ पासून हा मजकूर ते संगणकावर चढवू लागले. यंत्र मीच आणून दिले होते.

२००९ च्या मे महिन्यात मी सुट्टीवर गावी गेलो होतो. लिनक्सचे मला नवे वेड लागले होते. उबुंटूची सी.डी. त्या काळी मागणी केल्यास टपालाने मोफत येत असे. ती योजना २०११ मध्ये बंद झाली. मी नानांना म्हटले, "नाना, तुमच्या यंत्रावर ही दुसरी प्रणाली बसवून देतो. विषाणूंचा त्रास कमी होईल." नाना म्हणाले, "तुला कळते ना, मग बसव." प्रतिष्ठापनेच्या वाटेवर एक पडदा येतो. त्यावर विचारलेले असते की, दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवू, की सबंध डिस्क वापरू, की वाटणी तुम्ही स्वतः करणार? 'सबंध डिस्क वापरा' याचा अर्थ मी असा केला की, डिस्कवर जेवढी मोकळी जागा आहे तेवढी सगळी वापरा. त्याचा खरा अर्थ असा होता की, आहे ते पुसून टाका. अर्ध्या तासाने यंत्र पुन्हा सुरू झाले, लिनक्स उत्तम चालू लागली, आणि विंडोजबरोबर नानांची साडेतीनशे घराणी नाहीशी झाली होती. पुसलेले परत आणण्याच्या आज्ञावल्या मी रात्रभर चालविल्या. काही छायाचित्रे परत आली. वंशावळीतले एक पानही आले नाही.

सकाळी नानांना सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "किती गेले?"

"सगळे, नाना."

"वह्या आहेत."

वह्या होत्या, परंतु निम्म्याच. मजकूर यंत्रात चढला की त्यातील वह्या ते वाळवीच्या भयाने रद्दीत देत आले होते. यंत्रावर त्यांचा विश्वास बसला होता, आणि तो मीच बसविला होता. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी पुन्हा आरंभ केला, या वेळी कागदावर. २०१४ साली ते गेले तेव्हा नव्वद घराणी लिहून झाली होती. या विषयावर ते मला पुन्हा कधी बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते, असे मला अजून वाटते.

२०२२ मध्ये घराची डागडुजी निघाली, तेव्हा काकूंना एका वहीच्या पुठ्ठ्यात खोचलेली सी.डी. सापडली. वर नानांच्या अक्षरात '२००६, दिवाळी' असे लिहिलेले होते. त्यांनी कोणाकडून तरी एक प्रत काढून ठेविली होती, आणि पुढे ते स्वतःच विसरून गेले होते. तीत २१७ घराणी निघाली. परंतु ती उघडावयाची कशी? मजकूर एका जुन्या मराठी लेखन-आज्ञावलीत टंकलेला. ती आज्ञावली चालविण्यास यंत्राला लावावयाची एक लहान किल्ली लागे. ती काकूंच्या शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर सापडली. माझ्या नव्या लॅपटॉपवर ती आज्ञावली बसेचना. तिचे प्रतिष्ठापन सोळा-बिटी काळातले. चौसष्ट-बिटी विंडोजवर तसले प्रतिष्ठापन चालतच नाही, आणि विंडोज ११ तर केवळ चौसष्ट-बिटीच निघते. मंडळाच्या कचेरीतील विंडोज १० मात्र बत्तीस-बिटी होती. तेथे ती पहिल्याच खेपेस उघडली. कार्यकारिणीच्या सभेत मी काय सांगितले असेल, हे आता निराळे सांगावयास नको.

सभेने मला महिनाभराची मुदत दिली. अट एकच: कचेरीचे रोजचे काम, म्हणजे टपाल, बँक, शिष्यवृत्तीचे अर्ज, त्याच यंत्रावर सुरक्षितपणे चालले पाहिजे. त्यावर मी जो मार्ग काढला तो हा. विंडोज १० जशीच्या तशी ठेवावयाची, परंतु तिचे इंटरनेट कायमचे तोडावयाचे. तिने केवळ नानांच्या फाइली उघडाव्यात. इंटरनेटची सर्व कामे शेजारच्या लिनक्सने करावीत. बत्तीस-बिटी विंडोजला चार गिगाबाइटांहून अधिक स्मृती वापरता येत नाही. आपल्या यंत्रात आठ आहे. इतकी वर्षे अर्धी स्मृती बंद खोलीसारखी पडून होती. प्रोसेसर मुळात चौसष्ट-बिटी असल्यामुळे लिनक्सने ती खोली उघडून वापरावयास घेतली. कचेरीतील लेखनिक बाई म्हणाल्या की, यंत्र नवे आणले की काय?

आता कृती. मिंट या लिनक्सची बाविसावी आवृत्ती मी निवडली. तिला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळावयाच्या आहेत आणि तिचा पडदा विंडोजशी परिचित माणसाला बुजवीत नाही. परंतु तिला हात लावण्यापूर्वी दोन आठवडे मी केवळ प्रती काढण्यात घालविले. सर्व फाइलींची एक प्रत बाहेरच्या एका डिस्कवर, दुसरी दुसऱ्या डिस्कवर. शिवाय सबंध डिस्कची, तिच्या वाटण्यांसह, एक हुबेहूब प्रतिमा तिसरीकडे. यांपैकी एक डिस्क माझ्या घरी ठेविली, कारण कचेरीला आग लागली तर कचेरीतील तिन्ही प्रती एकाच वेळी जातील. प्रत घेतल्यावर ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिली. हे शेवटचे काम कोणी करीत नाही. प्रत घेतली म्हणून निश्चिंत झालेल्या आणि वेळेला ती न उघडणाऱ्या माणसांच्या हकिगती मी इतक्या ऐकल्या आहेत की, या बाबतीत मजजवळ सौजन्य उरलेले नाही: उघडून पाहिली नसेल तर प्रत घेतली असे मी मानीत नाही.

वाटणीच्या वेळी एक अडचण उभी राहिली. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर अगदी पहिला कप्पा ५१२ बाइटांचा असतो. त्यांतील ४४६ बाइट आरंभीच्या आज्ञांसाठी, २ बाइट खुणेसाठी, आणि उरलेल्या ६४ बाइटांत डिस्कचे वाटणीपत्र. प्रत्येक नोंद १६ बाइटांची. म्हणजे नोंदी चारच मावतात, पाचव्याला जागा नाही. आपल्या यंत्रावर चारही भरलेल्या होत्या: विंडोजचा शंभर मेगाबाइटांचा आरंभीचा भाग, 'सी', 'डी', आणि विंडोज १० ने येताना घेतलेला दुरुस्तीचा भाग. यावर जुन्या मुनिमांना साजेल अशी तोड आहे. चौघांपैकी एका नोंदीला 'विस्तारित' करावयाचे. मग तिच्या पोटात हवे तितके पोटभाग पाडता येतात. 'डी'मध्ये संमेलनांची छायाचित्रे होती. त्यांच्या प्रती घेतलेल्याच असल्यामुळे 'डी' मोडून त्या जागी विस्तारित भाग केला. त्यात एक पोटभाग लिनक्सला आणि एक दोघांनाही वाचता यावा असा सामाईक. सामाईक भाग विंडोजच्याच पद्धतीने आखावा लागतो, कारण लिनक्स विंडोजची लिखावट वाचते, विंडोज मात्र आपणहून लिनक्सची वाचीत नाही.

आपल्या घरच्या यंत्रावर बहुधा 'सी' हा एकच मोठा भाग असेल. त्याला विंडोजमधूनच, तिच्या डिस्क मॅनेजमेंट या सोयीने, आखडून घ्यावे आणि मोकळी झालेली जागा तशीच कोरी ठेवावी. ती किती असावी? मिंटचे काम वीस गिगाबाइटांत भागते, पण शंभर दिल्यास पुढे पश्चात्ताप होत नाही. कधी विंडोज हट्टाने थोडीच जागा सोडते. याचे कारण, तिच्या काही न हलणाऱ्या फाइली डिस्कच्या मध्यभागी ठाण मांडून बसलेल्या असतात. हायबरनेशन आणि आभासी स्मृती तात्पुरती बंद केली की बहुधा त्या उठतात.

मग आठ गिगाबाइटांच्या पेन ड्राइव्हवर मिंटची प्रतिमा उतरवून घ्यावी. यंत्र सुरू होताना एफ १२ अथवा त्या त्या बनावटीची जी कळ असेल ती दाबून पेन ड्राइव्हवरून आरंभ करावा. अशा रीतीने लिनक्स डिस्कला न शिवता तात्पुरती चालते. ध्वनी, वायफाय, छपाईयंत्र चालते की नाही, हे तेव्हाच पाहून घ्यावे. पटले नाही तर पेन ड्राइव्ह काढावा, काही बिघडत नाही.

आणि मग तो पडदा येतो. आज त्यावरील शब्द २००९ पेक्षा स्पष्ट आहेत. 'इन्स्टॉल अलाँगसाइड' म्हणजे शेजारी बसवा. 'इरेज डिस्क' म्हणजे पुसून टाका. त्याखाली सर्व फाइली जातील, अशी सूचनाही छापलेली असते. 'समथिंग एल्स' म्हणजे वाटणी मी स्वतः करीन. आपल्या कचेरीसाठी मला हाच मार्ग घ्यावा लागला. या पडद्यापाशी माझा हात थांबला, हे मी लपवीत नाही. चिटणिसांना शेजारी बसवून मी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली, तिचा अर्थ त्यांना सांगितला, आणि त्यांनी होकार दिल्यावरच कळ दाबली. त्यांना त्यातले फारसे कळत नव्हते. तरी दुसऱ्यास समजावून सांगताना जी चूक ध्यानात येते ती एकट्याने मनात वाचताना येत नाही.

क्रम नेहमी असाच ठेवावा: विंडोज आधी, लिनक्स मागून. लिनक्स येताना ग्रब नावाची द्वारपाल आज्ञावली बसविते. ती विंडोजला ओळखते आणि यादीत तिचे नाव घालते. विंडोज मागून आली तर ती दारावर स्वतःचीच पाटी लावते व शेजाऱ्याची दखल घेत नाही. तसे झालेच तर घाबरू नये. लिनक्सची फाइल गेलेली नसते, फक्त दार दिसेनासे झालेले असते, आणि पेन ड्राइव्हवरून आरंभ करून ग्रब पुन्हा बसविता येते.

सारे झाल्यावर आठ दिवसांनी एक गंमत झाली. लेखनिक बाईंनी येऊन तक्रार केली की, विंडोजमध्ये गेले की घड्याळ मागे पडते. सायंकाळी सहा वाजता छापलेल्या पानांवर दुपारचे साडेबारा. बरोबर साडेपाच तास! यात भूतबाधा काही नाही. यंत्रात एक बॅटरीवरचे घड्याळ असते. विंडोज त्यात स्थानिक वेळ आहे असे समजते, तर लिनक्सच्या रूढीप्रमाणे त्यात जागतिक प्रमाणवेळ असते. आणि भारताची वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. लिनक्सने आपल्या रूढीप्रमाणे ते लावले, विंडोजने आपल्या समजुतीप्रमाणे ते वाचले. इंटरनेट जोडलेले असते तर विंडोजने वेळ दुरुस्त करून घेतली असती, पण ते आपणच तोडले होते. लिनक्सला एका ओळीची आज्ञा देऊन, यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळच ठेव, असे सांगितले आणि तंटा मिटला.

ज्यांची यंत्रे अलीकडच्या दहा-बारा वर्षांतली आहेत, त्यांच्यासाठी थोडे निराळे सांगितले पाहिजे. त्यांत जी.पी.टी. ही नवी वाटणीपद्धती असते. तीत १२८ नोंदी मावतात, आणि वाटणीपत्राची एक नक्कल डिस्कच्या शेवटी राखलेली असते. जुन्या पद्धतीत मूळ प्रत गेली की सारेच संपले. परंतु नव्या यंत्रांत दोन सापळेही आहेत. पहिला बिटलॉकरचा. पुष्कळ लॅपटॉपांत डिस्क मालकाच्या नकळत कुलूपबंद केलेली असते. आरंभाची व्यवस्था बदलली की विंडोज ४८ अंकी किल्ली मागते, आणि ती कोठे आहे हे त्या क्षणी कोणालाच ठाऊक नसते. ती आधी काढून कागदावर लिहून ठेवावी. दुसरा सापळा 'फास्ट स्टार्टअप'चा. त्यायोगे विंडोज बंद केली तरी ती पुरती झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवते. अशा वेळी लिनक्सने तिच्या भागात लिहिले तर फाइलींचा घोटाळा होण्याचे भय असते. ही सोय बंदच करावी. शिवाय २०२४ च्या ऑगस्टमध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-दुरुस्तीनंतर अनेकांच्या यंत्रांवरील शेजारची लिनक्स सुरूच होईना. शेजारधर्म असा मधूनमधून मोडतो. म्हणून पेन ड्राइव्ह फेकून देऊ नये.

मागे एका तरुण सभासदाने मला विचारले की, काका, हा सारा खटाटोप कशाला? नव्या यंत्राच्या पोटात आभासी यंत्र करून त्यात जुनी विंडोज चालविता येते. त्याचे म्हणणे खरे आहे, आणि त्याने ते करून द्यावे अशी माझी त्याला विनंती आहे; कचेरीतील डिस्क बारा वर्षांची झाली असून ती अमर नाही. परंतु त्याला नवे दणकट यंत्र लागते, आणि आमच्यापाशी होते ते हेच. ज्यांना टपाल वाचणे आणि छायाचित्रे पाहणे एवढेच काम, त्यांनी तर दोन बिऱ्हाडे मांडूच नयेत. जुन्या यंत्रावर एकटी लिनक्स ठेवावी. दोन प्रणाली म्हणजे दोघींच्या दुरुस्त्या आणि दोघींची दुखणी. जुने काही जपावयाचे असेल त्यानेच हा व्याप करावा.

आमचे जपावयाचे काम अजून संपलेले नाही. नानांच्या फाइली विंडोजमध्ये उघडतात, परंतु त्यांतला मजकूर युनिकोडमध्ये आणल्याखेरीज तो दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर मराठी म्हणून वाचता येणार नाही. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ मध्येच, देवनागरीला जागा मिळाली. पण आपल्याकडील लेखन-आज्ञावल्या पुढे कित्येक वर्षे आपापल्या खासगी संकेतांवर चालत राहिल्या. ते संकेत इंग्रजी अक्षरांच्या जागा बळकावून बसलेले असत. म्हणून तो टंक नसेल तर त्याच फाइलीत इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हे यांचा गोपाळकाला दिसतो. रूपांतर करणारी आज्ञावली मी लिहिली आहे, परंतु ती नावांना फसते. जुन्या संकेतात जसे डोळ्याला दिसते त्या क्रमाने साठविलेले असते: 'शिवराम' लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी, मग श, युनिकोडमध्ये आधी श, मग वेलांटी. 'दुर्गा' या नावात रफार जुन्या संकेतात गा च्या मागून येतो, युनिकोडमध्ये तो ग च्या आधी. क्रम उलटा करण्याचे नियम घातले आहेत. तरी जोडाक्षर आले, त्यावर रफार आणि अनुस्वार एकत्र आले, की एखादे अक्षर निसटते. गद्यात असे झाले तर वाचणारा ओळीवरून समजून घेतो. पणजीचे माहेरचे नाव ओळीवरून समजत नाही.

आजपर्यंत २१७ पैकी १८४ घराण्यांचा मजकूर लिनक्सच्या बाजूला युनिकोडमध्ये आला आहे. नानांच्या हातच्या वह्यांतील नव्वदांपैकी सत्तावीस घराणी सी.डी.वर नव्हती, ती निराळी टंकून घेत आहोत. म्हणजे दोन्ही मिळून २४४. उरलेली शंभरावर घराणी माझ्या हातून गेली. त्यांच्यापैकी कोणाकडे नानांची जुनी पत्रे, त्यांनी भरून मागविलेले तक्ते, अथवा त्यांच्या अक्षरातील एखादा कागद असेल, तर मूळ कागद देऊ नका, छायाचित्र पाठवा.

ज्यांची घराणी मिळाली आहेत त्यांची पाने छापून मागच्या टेबलावर ठेविली आहेत. आपले पान मागून घ्यावे, घरातील वडील स्त्रियांकडून वाचून घ्यावे आणि दुरुस्त्या तांबड्या शाईने करून रविवारी चार ते सात या वेळेत कचेरीत आणून द्याव्यात. काळी शाई कृपा करून वापरू नये. छापील अक्षरांत ती मला दिसत नाही.